नाव झाकून गुण देऊ या



आपल्या घरांत एक प्रश्न असा आहे की त्यावर वादच होत नाही. जगातला सर्वांत मोठा बॉक्सर कोण? दादाजान असोत, अब्बा असोत की सातवीतला मुलगा, उत्तर एकच येते : मुहम्मद अली. बॉक्सिंगची एकही लढत शेवटपर्यंत न पाहिलेली खालासुद्धा हेच नाव घेईल. पण पुढे "का?" असे विचारले, तर बहुतेक ठिकाणी दोनच शब्द ऐकू येतात : "आपला होता."

हे उत्तर प्रेमाचे आहे. पण आता ते मुलांना पुरत नाही. मोबाईलवर त्यांना रोज नवी यादी दिसते. कुणी मेवेदरचे ५० विजय आणि शून्य पराभव दाखवतो, कुणी टायसनचे नॉकआऊट, कुणी पॅकियाओचे आठ वजनगट. मग मूल विचारते, "अली तर पाच वेळा हरले होते, ते सर्वांत मोठे कसे?" या प्रश्नावर डोळे वटारून चालणार नाही. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कष्ट घेऊनच द्यावे लागेल.

आम्ही शिक्षक मंडळी बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासतो, तेव्हा त्यांवर विद्यार्थ्याचे नाव नसते. तपासणाऱ्याचा हात कुणाकडे झुकू नये म्हणून ही सोय आहे. कुरआनच्या सूरह अन-निसामध्ये न्यायावर ठाम राहण्याचा हुकूम आहे. ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या विरोधात गेली तरीही. खेळाडूंची क्रमवारी म्हणजे काही अदालतीतली साक्ष नव्हे. तरी मूल इन्साफ शिकते ते अशाच लहान गोष्टींतून. आपला म्हणून गुण वाढवायचे आणि परका म्हणून कापायचे, ही सवय खेळात लागली की ती पुढे शेजारी, सून, भागीदार यांचा न्याय करतानाही जात नाही. म्हणून या महिन्यात नाव झाकून गुण देऊन पाहू.

शून्य पराभवाची किंमत किती?

सर्वांत सोपा निकष म्हणजे कोण कधीच हरला नाही. या कसोटीवर दोन नावे पुढे येतात. रॉकी मार्सियानो ४९ लढती खेळले आणि ४९ जिंकले, त्यांतल्या ४३ नॉकआऊटने. १९५६ मध्ये हेवीवेटचे जगज्जेते असतानाच ते निवृत्त झाले आणि पुन्हा कधी रिंगणात उतरले नाहीत. फ्लॉइड मेवेदर यांचा हिशेब ५० लढती, ५० विजय असा आहे.

आता जरा आत जाऊन पाहू. मार्सियानो यांनी १९५१ मध्ये जो लुई यांना हरवले तेव्हा लुई ३७ वर्षांचे होते. निवृत्ती सोडून, कराचे देणे फेडण्यासाठी परत आलेले. १९५२ मध्ये ज्यांच्याकडून जगज्जेतेपद घेतले ते जर्सी जो वॉलकॉट ३८ वर्षांचे होते. यात मार्सियानो यांचा दोष नाही. समोर जे होते त्या सर्वांना त्यांनी हरवले. पण उतरत्या वयातल्या मोठ्या माणसाला हरवणे आणि भरात असलेल्या मोठ्या माणसाला हरवणे, यांना सारखे गुण देता येत नाहीत.

मेवेदर यांचे कसब वादातीत आहे. ठोसा चुकवण्याची कला त्यांच्याइतकी फार थोड्यांना साधली. डे ला होया, कोटो, कॅनेलो अल्वारेझ अशा नावाजलेल्यांना त्यांनी हरवले. परंतु पॅकियाओशी त्यांची लढत व्हावी ही चर्चा साधारण २००९ पासून चालू होती आणि ती झाली २ मे २०१५ रोजी. तोवर मेवेदर ३८ वर्षांचे आणि पॅकियाओ ३६ वर्षांचे झाले होते, आणि मधल्या काळात पॅकियाओ एकदा वाईट रीतीने नॉकआऊटही झाले होते. मेवेदर यांचा पन्नासावा विजय कॉनर मॅकग्रेगर यांच्यावरचा; ते दुसऱ्या प्रकारच्या कुस्ती-मारामारीतले नामवंत होते, पण व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती त्यांची पहिलीच लढत होती. शून्य हा आकडा एवढेच सांगतो की माणूस हरला नाही. तो कुणाला भेटला आणि कधी भेटला, हे त्या शून्यात दिसत नाही. वर्गात सोपे प्रश्न निवडून सोडवणाराही पैकीच्या पैकी मिळवू शकतो.

पट्टे मोजावेत का?

दुसरा निकष जगज्जेतेपदांच्या संख्येचा. इथे मुले हमखास फसतात, कारण जुने आणि नवे आकडे एका मापाचे नाहीत. पूर्वी बॉक्सिंगमध्ये आठच वजनगट होते आणि साधारणपणे प्रत्येक गटात एक जगज्जेता. आज १७ वजनगट आहेत आणि पट्टा देणाऱ्या मोठ्या संघटना चार. म्हणजे एकाच वेळी ६८ जणांना "जगज्जेता" म्हणवून घेता येईल अशी सोय झाली आहे. दहावीचे जुने साठ टक्के आणि आजचे नव्वद टक्के शेजारी ठेवून बाप-लेकाची तुलना करणाऱ्याला आपण हसतो. बॉक्सिंगमध्ये मात्र तीच तुलना सर्रास चालते.

१९३८ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँग यांच्याकडे एकाच वेळी तीन वजनगटांची जगज्जेतेपदे होती. त्या आठांतली तीन. हे आजच्या पाच-सहा पट्ट्यांपेक्षा जड आहे. तरीही मॅनी पॅकियाओ यांच्या आठ वजनगटांना कमी लेखता येणार नाही. १९९८ मध्ये ते सुमारे ५१ किलोच्या फ्लायवेट गटात जगज्जेते झाले आणि २०१० मध्ये त्यांनी सुमारे ७० किलोपर्यंतच्या गटातला पट्टा जिंकला. फिलिपीन्समधल्या घोर गरिबीतून आलेला, पोटासाठी लहानपणीच घराबाहेर पडलेला हा मुलगा. २०१९ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी, त्यांनी आपल्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या अपराजित कीथ थर्मन यांना हरवले. त्यांच्या नावावर आठ पराभव आहेत. ते आठ पराभव पाहूनही आम्ही त्यांना मेवेदर यांच्यावर ठेवतो. समोरासमोरच्या लढतीत मेवेदर जिंकले हे खरे. पण संपूर्ण कारकिर्दीत कठीण माणसांना शोधत कोण फिरले, याचे उत्तर पॅकियाओ असे येते.

यावरून आमचे तीन निकष ठरले. पहिला, समोर कोण होता आणि कधी होता. दुसरा, हरल्यावर माणसाने काय केले. तिसरा, त्याच्या कारकिर्दीतून इतरांच्या पदरात काय पडले. या तिसऱ्या निकषात उपकार जसे मोजायचे तशी इजाही मोजायची.

पहिली उत्तरपत्रिका

आता एक उत्तरपत्रिका नावाशिवाय वाचू. १९४० ते १९६५ अशी २५ वर्षांची कारकीर्द. सुमारे २०० लढती, १७० हून अधिक विजय, त्यांतले शंभरावर नॉकआऊटने, आणि १९ पराभव. पहिल्या ४० लढती सलग जिंकल्यावर १९४३ मध्ये जेक लामोटा यांच्याकडून पहिला पराभव. त्याच लामोटांशी एकूण सहा वेळा गाठ, त्यांत पाच विजय. पहिल्या पराभवानंतर आठ वर्षे एकही पराभव नाही. १९५१ मध्ये लंडनला रँडी टर्पिन यांनी हरवले, तर दोनच महिन्यांत न्यूयॉर्कला त्यांना नॉकआऊट करून जगज्जेतेपद परत घेतले. १९५७ मध्ये जीन फुलमर यांच्याकडून हार, चार महिन्यांत त्यांनाही नॉकआऊट. त्याच वर्षी कार्मेन बॅसिलियो यांच्याकडून हार, पुढच्या मार्चमध्ये त्यांच्यावर विजय. तेव्हा वय ३६. वेल्टरवेटचे जगज्जेतेपद एकदा, मिडलवेटचे पाचदा.

नाव उघडले तर ते शुगर रे रॉबिन्सन. वेगवेगळ्या वजनांचे बॉक्सर एकाच मापाने मोजायचे तर पहिला कोण, हा प्रश्न जाणकारांमध्ये रूढ झाला तो प्रामुख्याने त्यांच्यामुळे. आणि ज्यांना आपण सर्वांत मोठे म्हणतो ते मुहम्मद अली लहानपणापासून त्यांनाच आपला आदर्श मानत. नाव झाकून तपासल्यावर रिंगणातल्या कामगिरीत पहिला क्रमांक रॉबिन्सन यांचा येतो. आमची कलम इथे अडखळत नाही.

पण त्यांच्या पत्रिकेत एक काळे पानही आहे. जून १९४७ मध्ये क्लीव्हलँडला त्यांची लढत जिमी डॉयल या तरुणाशी होती. आपल्या ठोशाने डॉयल मरत असल्याचे स्वप्न रॉबिन्सन यांना लढतीआधी पडले होते आणि ती रद्द करावी असे ते म्हणत होते. त्यांची समजूत घालून लढत लावली गेली. आठव्या फेरीत डॉयल कोसळला तो उठला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. रॉबिन्सन यांनी पुढे आपल्या कमाईतून त्याच्या आईसाठी पैसे दिले. स्वतः रॉबिन्सन यांनी अमाप कमावले, अमाप उधळले, आणि पैशांसाठी ४४ व्या वर्षापर्यंत खेळत राहिले. त्यांच्या १९ पराभवांतले बहुतेक या उतारवयातले आहेत. १९८९ मध्ये, विस्मृतीच्या आजाराने ग्रासलेल्या अवस्थेत, त्यांचे निधन झाले.

दुसरी उत्तरपत्रिका

६९ लढती, ६६ विजय, ३ पराभव. हेवीवेटचे जगज्जेतेपद १९३७ ते १९४९ असे जवळजवळ १२ वर्षे, आणि ते २५ वेळा राखले. हे जो लुई. तीन पराभवांतले दोन परतून आल्यानंतरचे आहेत. तिसरा, म्हणजे काळाने पहिला, १९३६ मधला. जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंग यांनी त्यांना बाराव्या फेरीत नॉकआऊट केले. हिटलरच्या राजवटीने त्या विजयाचा वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचारासाठी वापर केला. २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये सुमारे ७० हजार लोकांसमोर पुन्हा लढत झाली आणि लुई यांनी ती १२४ सेकंदांत संपवली.

त्या काळी अमेरिकेच्या अनेक राज्यांत काळ्या माणसाला गोऱ्याच्या शेजारी बसून जेवता येत नव्हते. त्याच देशाने त्या रात्री काळ्या लुईंना आपला माणूस मानले. पुढे महायुद्धात त्यांनी दोन लढतींची कमाई सैन्याच्या आणि नौदलाच्या मदत निधीला दिली. तरीही कर खात्याचे देणे त्यांच्या मानगुटीवर आयुष्यभर बसले, आणि अखेरच्या काळात लास वेगासच्या एका कॅसिनोत पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी त्यांना करावी लागली. त्या दिवसांत त्यांच्या मदतीला आलेल्यांत श्मेलिंगही होते. हे श्मेलिंग नाझी पक्षाचे सदस्य कधीच झाले नाहीत, आणि १९३८ मध्ये ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा त्यांनी दोन ज्यू मुलांना लपवून वाचवले होते. ज्यांना जगाने एकमेकांचे शत्रू म्हणून उभे केले, ते दोघे पुढे दोस्त झाले.

तिसरी उत्तरपत्रिका

६१ लढती, ५६ विजय, ५ पराभव. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्ण. १९६४ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, सर्वांनी अजिंक्य मानलेल्या सनी लिस्टन यांना हरवून हेवीवेटचे जगज्जेते. मग कारकिर्दीच्या ऐन मध्यात, २५ व्या वर्षापासून २८ व्या वर्षापर्यंत, तीन वर्षे सात महिने एकही लढत नाही. परतल्यावर मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझर यांच्याकडून पहिली हार. मग त्यांच्यावर दोन विजय. १९७३ मध्ये केन नॉर्टन यांनी जबडा मोडला. मग त्यांच्यावरही दोन विजय. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासामध्ये जॉर्ज फोरमन यांच्याशी लढत. फोरमन यांचा हिशेब तेव्हा ४० लढती, ४० विजय, ३७ नॉकआऊट असा होता. फ्रेझर यांना त्यांनी दोन फेऱ्यांत सहा वेळा लोळवले होते आणि नॉर्टन यांनाही दुसऱ्याच फेरीत संपवले होते. या पत्रिकेतल्या ३२ वर्षांच्या माणसाने दोरांना टेकून त्यांचे ठोसे झेलले, त्यांना दमवले आणि आठव्या फेरीत नॉकआऊट केले. १९७८ मध्ये जगज्जेतेपद गमावले आणि त्याच वर्षी परत मिळवले. हेवीवेटचे जगज्जेतेपद तीनदा.

नाव सांगायची गरज नाही. पाच पराभवांबद्दल विचारणाऱ्या मुलाला उत्तर असे : पहिल्या तीन पराभवांतल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला अलींनी पुन्हा गाठून हरवले. शेवटचे दोन पराभव, १९८० आणि १९८१ मधले, थकलेल्या शरीराचे आहेत. लिस्टन, फ्रेझर, फोरमन, नॉर्टन. इतके भारी प्रतिस्पर्धी, आणि तेही बहुतेक भरात असताना, दुसऱ्या कुठल्याही हेवीवेटच्या यादीत सापडत नाहीत. म्हणून रिंगणात रॉबिन्सन पहिले, अली दुसरे. हेवीवेटमध्ये अली पहिले.

तिसऱ्या निकषावर मात्र अली सर्वांच्या पुढे जातात. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनला त्यांनी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. आपला दीन आणि आपला विवेक याला परवानगी देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जगज्जेतेपद काढून घेतले गेले, परवाने गेले, पारपत्र गेले. जूनमध्ये पाच वर्षे कैद आणि १० हजार डॉलर दंडाची शिक्षा झाली. अपिलामुळे तुरुंग टळला. २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शिक्षा रद्द केली. आज आपल्याला शेवट माहीत आहे, म्हणून ही गोष्ट सोपी वाटते. १९६७ मध्ये त्या २५ वर्षांच्या तरुणाला तो माहीत नव्हता. तुरुंग होणार आणि रिंगण कायमचे संपणार, असे समजूनच त्याने पाऊल उचलले. बॉक्सरच्या आयुष्यातली सर्वांत कसदार वर्षे त्याने एका तत्त्वासाठी सोडून दिली. मार्सियानोंचे ४९ किंवा मेवेदरचे ५० यांच्या शेजारी ठेवायचा अलींचा आकडा हा आहे : तीन वर्षे सात महिने, शून्य लढती.

खर्चाची बाजू

इथे थांबलो तर आम्ही नाव झाकले, असे म्हणता येणार नाही. अलींच्या वहीत खर्चाची बाजूही आहे.

बंदीच्या काळात जो फ्रेझर यांनी अलींची बाजू घेतली होती. त्यांना पुन्हा खेळू द्यावे, असे ते बोलत राहिले. परतल्यावर अलींनी याच फ्रेझर यांना गोऱ्यांचा हुजऱ्या ठरवले आणि १९७५ च्या मनिला लढतीआधी जाहीरपणे गोरिला म्हणून हिणवले. एका काळ्या माणसाने दुसऱ्या काळ्या माणसाला, तिकिटे खपावीत म्हणून, तोच शब्द वापरला जो गोरे वापरत. त्याची झळ फ्रेझर यांच्या मुलांना शाळेत सोसावी लागली. वर्गात उभे राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. एखाद्याच्या बापाला नाव ठेवले की ते नाव मधल्या सुट्टीत मुलाच्या पाठीमागे फिरते. सूरह अल-हुजुरातमध्ये एकमेकांची टिंगल करण्यास आणि वाईट नावांनी हाक मारण्यास स्पष्ट मनाई आहे. अली आपले होते म्हणून त्यातून सूट मिळत नाही. २००१ मध्ये त्यांनी फ्रेझर यांची जाहीर माफी मागितली आणि २०११ मध्ये फ्रेझर वारले तेव्हा आजारी अवस्थेतही ते अंत्यविधीला गेले. माल्कम एक्स यांच्याकडे १९६४ मध्ये पाठ फिरवल्याचा पस्तावाही त्यांनी पुढे आत्मकथनात नोंदवला. चूक मोजली तशी ही तौबाही मोजली पाहिजे.

खर्चाची दुसरी रक्कम त्यांच्या स्वतःच्या शरीराची. १९७७ मध्ये त्यांचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी आता थांबा असे सांगितले आणि ऐकले गेले नाही म्हणून त्यांची साथ सोडली. अली त्यानंतरही चार वर्षे खेळले. १९८४ मध्ये पार्किन्सनचे निदान झाले. त्या आजारात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद राहिले. पण जगातला सर्वांत बोलका खेळाडू हळूहळू मूक होत गेला, हे सर्वांनी पाहिले.

म्हणूनच हे लिहिताना दीनचा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. चेहऱ्यावर मारू नये, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हदीसमध्ये आले आहे. १९८७ मध्ये मक्केत भरलेल्या फिक्ह परिषदेने, समोरच्याला इजा करणे हेच ज्याचे उद्दिष्ट आहे अशा बॉक्सिंगला नाजायज ठरवले. जिमी डॉयल, रॉबिन्सन, अली यांचे शेवट पाहिले की या निर्णयामागची काळजी समजते. आपल्या मुलाला व्यायाम, चपळाई, स्वसंरक्षण शिकवणे वेगळे आणि डोक्यावर ठोसे खाऊन पोट भरायला पाठवणे वेगळे. या माणसांची हिंमत जरूर सांगावी. त्यांचा धंदा मुलांनी निवडावा, असा त्याचा अर्थ होत नाही.

आपले, परके आणि लेकी

"आपला" या शब्दाची खरी परीक्षा माइक टायसन यांच्या बाबतीत होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये, २० वर्षे ४ महिने वयाचे असताना, ते हेवीवेटचे सर्वांत तरुण जगज्जेते झाले. त्या चार वर्षांचा धडाका अजोड होता. पण १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लस यांनी हरवल्यावर ते त्यांना पुन्हा गाठू शकले नाहीत. १९९२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरून तुरुंगात गेले. तिथे त्यांनी इस्लाम स्वीकारला. १९९७ मध्ये होलीफिल्ड यांच्याकडून हरत असताना त्यांच्या कानाचा चावा घेतला. ते आता मुसलमान आहेत, याचा आनंद मानावा, त्यांच्यासाठी दुआ करावी. पण त्यामुळे रिंगणातले गुण वाढत नाहीत, आणि त्या खटल्यातल्या बाईचे दुःख कमी होत नाही. हीच फूटपट्टी मेवेदर यांनाही लावू. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात त्यांनी २०१२ मध्ये तुरुंगवास भोगला आहे. ज्या मासिकाचे वाचक आई, बहीण, बायको, लेक असे सगळे आहेत, तिथे हे न लिहिता "महान" हा शब्द वापरणे आम्हांला जमणार नाही.

आणि लेकींचा विषय निघालाच आहे. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणातल्या निझामाबादची निखत झरीन व्यावसायिक बॉक्सिंगमधली नाही, त्यामुळे ती या यादीत बसत नाही. या हौशी प्रकारात लढती लहान, फेऱ्या तीनच. पण आमच्या दुसऱ्या निकषाचे तिच्याइतके जवळचे उदाहरण नाही. ऑलिंपिक पात्रतेसाठी निवड चाचणी व्हावी असा तिने आग्रह धरला आणि डिसेंबर २०१९ मध्ये झालेल्या चाचणीत ती मेरी कोम यांच्याकडून ९–१ अशी हरली. मेरी कोम म्हणजे सहा वेळच्या जगज्जेत्या. अशा हारेनंतर बहुतेकांनी हातमोजे टांगले असते. निखत २०२२ मध्ये इस्तंबूलला जगज्जेती झाली आणि २०२३ मध्ये दिल्लीत पुन्हा झाली.

आमची यादी

तर नाव झाकून दिलेले गुण असे. रिंगणातल्या कामगिरीत रॉबिन्सन, अली, लुई, पॅकियाओ, मेवेदर, मार्सियानो. टायसन यांचा नंबर त्यानंतर. उसिक आणि बेतरबिएव्ह यांच्याबद्दल तरुण वाचक विचारतील. दोघांनीही २०२४ मध्ये रियाधला आपापल्या गटाचे चारही पट्टे एकत्र आणले. पण त्यांच्या कारकिर्दीचा निवांत हिशेब करायला अजून थोडा काळ जाऊ द्यावा.

मागे काय उरले, या निकषावर मात्र पहिले अली, मग लुई. फ्रेझर यांचे देणे वजा करूनही अली पहिलेच राहतात. हा क्रमांक त्यांना आपले असण्याने मिळालेला नाही. तो त्यांनी सोडून दिलेल्या वर्षांनी मिळाला आहे. म्हणूनच तो परक्यासमोरही मान वर करून सांगता येतो.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. हॉलिवूडच्या पदपथावर नामवंतांच्या नावाचे तारे जमिनीत बसवलेले आहेत. लोक त्यांवरून चालतात. अलींना हा मान २००२ मध्ये मिळाला तेव्हा, आपले नाव प्रेषितांचे (स.) नाव आहे, त्यावर कुणाचे पाय पडू नयेत, असे त्यांनी सांगितले. तिथल्या हजारो ताऱ्यांत त्यांचा तारा तेवढा भिंतीवर आहे.

आमच्या यादीशी सगळे सहमत होतील, अशी अपेक्षा नाही. रात्री दस्तरखान उठल्यावर घरातल्यांनी आपापली यादी करावी. आधी निकष लिहावेत, मग नावे. ती आम्हांला कळवावी. पुढच्या अंकात निवडक पत्रे इन्शाअल्लाह छापू. अट एकच : "आपला होता" हे कारण चालणार नाही.